सिरॅमिक क्राउन बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीड, तडा, मोठे फिलिंग किंवा रूट कॅनल यांमुळे कमकुवत झालेल्या दातावर सिरॅमिकचा क्राउन, म्हणजे रोजच्या बोलण्यातली कॅप, बसवण्याविषयी रुग्णांच्या मनात असणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेकांची चौकशी कॅप कशाची बनवायची इथपासून सुरू होते. आमच्या मते त्याहून अधिक विचार कॅपखाली उरणाऱ्या दाताचा आणि कॅप जिथे दाताला येऊन मिळते त्या कडेचा व्हायला हवा. म्हणून खालच्या उत्तरांतही त्या दोहोंना जास्त जागा मिळाली आहे.

फिलिंग असताना वेगळा क्राउन कशासाठी?

फिलिंग दाताच्या आत बसते, तर क्राउन दाताला बाहेरून सर्व बाजूंनी झाकतो. फिलिंग लहान असते तोवर हा फरक महत्त्वाचा ठरत नाही. मात्र दाढेच्या मधला बराचसा भाग फिलिंगने व्यापलेला असेल आणि कडेला पातळ भिंती तेवढ्या उरल्या असतील, तर प्रत्येक घास चावताना फिलिंग पाचरीसारखे काम करते आणि त्या भिंती बाहेरच्या बाजूला रेटल्या जातात. एखाद्या दिवशी त्यातली एक भिंत हिरडीपर्यंत तुटून येते. क्राउनमुळे चावण्याचा दाब संपूर्ण दातावर विभागला जातो आणि भिंती फाकण्याची शक्यता बरीच कमी होते.

दात खराब झाला की क्राउनच बसवावा लागतो का?

नाही, आणि हा प्रश्न दात तासण्यापूर्वीच विचारलेला बरा. लहान आणि मध्यम आकाराच्या किडीला कॉम्पोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनचे, फिलिंग पुरते. दाढेची एक-दोन टोके मोडली असतील पण बाकीच्या भिंती जाड आणि निरोगी असतील, तर गेलेला भाग भरून काढणारा आणि चावण्याचा पृष्ठभाग झाकणारा सिरॅमिकचा ऑनले चिकटवता येतो. पूर्ण क्राउनसाठी दात चहूबाजूंनी तासला जातो, तेव्हा त्याच्या हिरडीबाहेरच्या भागातील साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश पदार्थ निघून जाऊ शकतो. ऑनलेसाठी हे प्रमाण पुष्कळच कमी असते. दातावरचे एनॅमल एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही, त्यामुळे निरोगी दात जितका राखता येईल तितका राखणे हाच दंतवैद्यकातला शहाणपणाचा हिशेब आहे.

क्राउनची खरी गरज असते ती भिंती पातळ झालेल्या, मोठा तुकडा उडालेल्या, रूट कॅनल झालेल्या किंवा तडा गेलेल्या दाढांना. तडा गेलेल्या दाढेची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: घास चावताना फारसे काही होत नाही, पण चावा सोडताना क्षणभर तीव्र कळ येते. तडा बहुधा एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि दुखणे सतत नसल्यामुळे रुग्णही महिनोन्‌महिने दुसऱ्या बाजूने जेवत राहतो. अशा दाढेवर वेळेत क्राउन बसला तर ती अनेकदा वाचते. तडा मुळात खोलवर उतरल्यानंतर मात्र क्राउनचाही उपयोग होत नाही.

वेडेवाकडे पण निरोगी दात केवळ सरळ दिसावेत म्हणून तासून त्यांवर क्राउन बसवण्याची मागणीही कधीकधी होते. तारा किंवा अलायनर (दातांवर बसणारे पारदर्शक साचे) लावून दात हलवण्याला वेळ लागतो हे खरे, तरीही पंचविशीतल्या माणसाचे धडधाकट दात दोन भेटींत तासून टाकणे आम्हाला पटत नाही.

रूट कॅनल झालेल्या प्रत्येक दाताला क्राउन लागतो का?

दाढा आणि उपदाढा यांना बहुतेक वेळा लागतो, कारण त्यांच्यावर चावण्याचा दाब सर्वांत जास्त पडतो आणि कीड व उपचार या दोन्हींमुळे त्यांचा मधला भाग आधीच पोकळ झालेला असतो. पुढच्या दातांचे तसे नाही. पुढच्या दाताला मागून एक लहान छिद्र पाडून रूट कॅनल केले असेल आणि बाकीचा दात शाबूत असेल, तर ते छिद्र कॉम्पोझिटने बंद करणे पुरेसे ठरते. रूट कॅनलनंतर दाढेचे दुखणे थांबते आणि मग क्राउनचे काम लांबणीवर पडत जाते; दाढ उभी चिरून काढून टाकावी लागण्याचे प्रसंग पुष्कळदा याच मधल्या काळात येतात.

दात नेमका किती तासला जातो?

हे मटेरियलवर आणि दाताच्या जागेवर ठरते. चावण्याच्या पृष्ठभागावर साधारण १.५ ते २ मिलिमीटर आणि बाजूंनी १ ते १.५ मिलिमीटर जागा करावी लागते. अखंड, म्हणजे वर पोर्सेलीनचा थर नसलेल्या, झिरकोनिया या सिरॅमिकला त्याहून थोडी कमी जागा चालते, कारण तो पातळ असतानाही मजबूत राहतो. जिवंत दात तासताना डेंटीनमधल्या, म्हणजे एनॅमलखालच्या थरातल्या, सूक्ष्म नलिका उघड्या पडतात, म्हणून नंतर काही दिवस थंड-गरम लागताना दातात सणक जाऊ शकते. थोड्या दातांच्या बाबतीत आतली नस हळूहळू निकामी होते आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रूट कॅनल करावे लागते. ते बहुधा क्राउनमधूनच छिद्र पाडून करता येते. ही शक्यता उपचाराआधी रुग्णाला सांगितलीच पाहिजे.

दात जवळजवळ हिरडीपर्यंत मोडला असेल तर क्राउन बसतो का?

निर्णय येथे सर्वांत कठीण असतो. क्राउनच्या कडेच्या वर दाताचा स्वतःचा, निरोगी असा किमान १.५ ते २ मिलिमीटर उंचीचा पट्टा सर्व बाजूंनी उरलेला असावा, अशी अपेक्षा असते. क्राउन या पट्ट्याला घट्ट धरून ठेवतो आणि त्यामुळे मूळ उभे चिरण्याचा धोका कमी होतो. पट्टा पुरेसा असेल तर उरलेल्या पोकळीत कॉम्पोझिटचा गाभा उभारून त्यावर क्राउन बसवला जातो. त्या गाभ्याला आधार म्हणून मुळाच्या नळीत फायबरचा पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, घालण्याची पद्धत आहे, पण पोस्टमुळे दात मजबूत होतो हा समज चुकीचा आहे. पोस्ट फक्त गाभा धरून ठेवतो, आणि त्यासाठी मुळातला निरोगी भाग आणखी कोरला गेला तर दात उलट अधिकच कमकुवत होतो.

पट्टा उरलेला नसेल तर हिरडी आणि हाड थोडे खाली घेऊन, किंवा मूळ तारेने हळूहळू वर ओढून तो मिळवता येतो. तेही शक्य नसेल तर दात काढून इम्प्लांटचा (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचा) किंवा ब्रिजचा (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दाताचा) विचार करणे प्रामाणिकपणाचे ठरते. उत्तम प्रतीचे सिरॅमिक पाया नसलेल्या दातावर बसवले तर ते काही दिवसांतच गाभ्यासकट हातात येते.

सिरॅमिकचे कोणते प्रकार आहेत आणि कोणता निवडावा?

दातांसाठी पोर्सेलीनचे पूर्ण आवरण बनवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात चार्ल्स लँड या दंतवैद्याने ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आणली. त्या काळचे पोर्सेलीन दिसायला सुंदर पण ठिसूळ होते. पुढे धातूच्या पातळ टोपीवर पोर्सेलीन चढवण्याची पद्धत रुळली, तर १९६५ मध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) मिसळून पोर्सेलीनच अधिक मजबूत केले. आज मुख्य निवड लिथियम डायसिलिकेट आणि झिरकोनिया या दोघांत करायची असते.

लिथियम डायसिलिकेट हे काचेत बारीक स्फटिक वाढवून तयार केलेले सिरॅमिक आहे. त्याची वाकवून मोजलेली ताकद साधारण ४०० मेगापास्कलच्या (ताण मोजण्याचे एकक) आसपास असते; जुन्या पोर्सेलीनची १०० च्या आसपास असे. त्यातून प्रकाश आरपार झिरपतो, त्यामुळे पुढच्या दातांत ते नैसर्गिक दिसते. शिवाय हायड्रोफ्लोरिक आम्लाने त्याची आतली बाजू खरखरीत करून, त्यावर सिलेन हे चिकटण्यास मदत करणारे रसायन लावून ते दाताला रेझिनने घट्ट चिकटवता येते. दात आखूड असेल आणि क्राउनला धरायला उंची कमी असेल, तेव्हा ही चिकटण्याची क्षमता फार मोलाची ठरते.

झिरकोनियाची गोष्ट वेगळी आहे. त्यात काचेचा अंश जवळजवळ नसतो, आणि नेहमीच्या मजबूत प्रकाराची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कल इतकी असते. यामागचे कारण मोठे वेधक आहे. शुद्ध झिरकोनियाची जी स्फटिकरचना एरवी उच्च तापमानालाच टिकते, ती थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळून सामान्य तापमानालाही टिकवून ठेवलेली असते. सूक्ष्म तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी पडणाऱ्या ताणामुळे तिथले स्फटिक आपली रचना बदलतात, आकारमानाने साधारण ४ टक्के फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. यिट्रियमचे प्रमाण वाढवले तर झिरकोनिया अधिक पारदर्शक आणि देखणा होतो, पण हा गुण कमी होत जातो आणि ताकदही बरीच उतरते. म्हणजे ‘झिरकोनियाची कॅप’ एवढे सांगून पुरत नाही. तो कोणत्या प्रकारचा आहे हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

झिरकोनियावर आम्लाचा परिणाम होत नाही, म्हणून त्याची आतली बाजू ॲल्युमिनाच्या बारीक कणांच्या झोताने खरखरीत करून फॉस्फेटयुक्त प्रायमर, म्हणजे चिकटण्यास मदत करणारा द्रव, लावावा लागतो. झिरकोनियाच्या टोपीवर पोर्सेलीनचा थर चढवलेले क्राउनही मिळतात. ते सुरेख दिसतात, पण वरच्या थराचा टवका उडण्याची तक्रार त्यांत अधिक आढळते, म्हणून दाढांसाठी अखंड झिरकोनिया बरा.

धातूवर पोर्सेलीन चढवलेले क्राउन आजही विश्वासार्ह आहेत. मात्र हिरडी थोडी मागे सरकली की त्यांच्या कडेला करडी रेघ दिसू लागते, आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी मिश्रधातूत निकेल आहे का हे विचारून घ्यावे.

थोडक्यात निवड अशी करता येते: पुढचे दात आणि उपदाढा यांना लिथियम डायसिलिकेट; मागच्या दाढांना, जागा कमी असेल तिथे किंवा दात खाण्याची सवय असलेल्यांना अखंड झिरकोनिया. दात आतून काळपट पडला असेल किंवा त्यात धातूचा पोस्ट असेल तर पुढेही थोडे अपारदर्शक मटेरियल घ्यावे लागते, नाहीतर खालचा काळेपणा वर उमटतो.

झिरकोनिया इतका कठीण असेल तर तो समोरच्या दाताला झिजवत नाही का?

झीज कठीणपणापेक्षा पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर अधिक अवलंबून असते. आरशासारखा गुळगुळीत पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या एनॅमलला जुन्या पोर्सेलीनपेक्षा कमी झिजवतो. मात्र बसवताना चावा जुळवण्यासाठी तो घासला आणि पुन्हा नीट पॉलिश न करता तसाच सोडला, तर समोरचा दात झिजणारच. शेवटच्या पाच मिनिटांच्या या पॉलिशिंगसाठी रुग्णाने आग्रह धरला तरी गैर नाही.

किती भेटी लागतात आणि त्यांत काय होते?

सामान्यतः दोन. पहिल्या भेटीत भूल देऊन कीड आणि जुने फिलिंग काढले जाते, गरज असल्यास गाभा उभारला जातो आणि दात तासला जातो. मग हिरडी आणि दात यांच्या मधल्या खाचेत एक बारीक दोरा काही मिनिटे भरून ठेवतात, म्हणजे हिरडी जराशी बाजूला होते आणि कड स्वच्छ दिसते. त्यानंतर सिलिकॉनने माप घेतात किंवा कॅमेऱ्याने दाताचे स्कॅनिंग करतात. माप कोणत्याही पद्धतीने घ्या, रक्त किंवा लाळेखाली लपलेली कड प्रयोगशाळेतल्या कुशल तंत्रज्ञालाही दिसत नाही आणि अंदाजाने बनवलेला क्राउन तिथेच उघडा राहतो. म्हणून हिरडीला सूज असेल तर ती आधी बरी करून, आठवडा-दोन आठवड्यांनी माप घेणे योग्य.

प्रयोगशाळेत झिरकोनियाचा क्राउन आधी मऊ, पांढऱ्या ठोकळ्यातून मूळ मापापेक्षा सुमारे २० ते २५ टक्के मोठा कोरतात, आणि १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजल्यावर तो आकसून नेमक्या मापाचा होतो. लिथियम डायसिलिकेटचा कोरीव क्राउन यंत्रातून निघतो तेव्हा चक्क जांभळा असतो. साधारण ८५० अंशांवर तापवल्यानंतरच तो दाताचा रंग धरतो. तोवर दातावर तात्पुरती कॅप असते. तिच्याभोवती फ्लॉस फिरवताना दोरा वर न ओढता बाजूने काढून घ्यावा, नाहीतर कॅप सोबत निघून येते.

दुसऱ्या भेटीत क्राउन न चिकटवता लावून पाहतात, शेजारच्या दातांशी संपर्क, कड, रंग आणि चावा तपासतात आणि मगच सिमेंटने बसवतात. चिकटवण्यापूर्वी आरसा मागून घ्यावा, कारण रंग किंवा आकार बदलायचा असेल तर तो या क्षणापर्यंतच सहज बदलता येतो. दवाखान्यातच स्कॅन करून, कोरून एका भेटीत क्राउन देण्याची सोयही आहे. झुरिक विद्यापीठात मॉरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी विकसित केलेल्या सेरेक या यंत्रणेने १९८५ मध्ये त्याची सुरुवात झाली.

या सगळ्यात दुखते का?

भूल दिल्यानंतर दात तासताना दुखत नाही. कंप आणि पाण्याचा फवारा तेवढा जाणवतो. नंतर एक-दोन दिवस हिरडी हुळहुळते. ठणका वाढत जात असेल किंवा झोपेतून जाग येत असेल, तर वाट न पाहता दाखवावे.

रंग हुबेहूब जुळेल का?

दाढेचा सहज जुळतो. समोरचा एकच दात शेजारच्या दाताशी जुळवणे हे मात्र कसबाचे काम आहे. रंग शक्यतो दिवसाउजेडी आणि भेटीच्या अगदी सुरुवातीला पाहावा, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडा पडून असतो त्यापेक्षा पांढरा दिसू लागतो. नेहमीच्या रंगपट्टीत १६ छटा असतात, पण खऱ्या दातात मुळाकडे एक आणि टोकाकडे दुसरी अशा छटा असतात, म्हणून तंत्रज्ञाला छायाचित्रे पाठवणे उपयोगी पडते. ब्लीचिंगने सिरॅमिकचा रंग बदलत नाही. दात उजळायचे असतील तर ते आधी उजळावेत, साधारण दोन आठवडे रंग स्थिरावू द्यावा आणि मग क्राउनची छटा ठरवावी.

क्राउन चावताना उंच लागतो. सवय होईल का?

सवय होण्याची वाट पाहू नये. भूल उतरेपर्यंत चावा नेमका कळत नाही, त्यामुळे दवाखान्यात ठीक वाटलेला क्राउन घरी गेल्यावर आधी टेकतो असे जाणवू शकते. दंतवैद्य दातांमध्ये रंगीत कागद धरून चावायला सांगतो. जिथे गडद ठिपका उमटतो ती जागा केसभर घासली की काम होते. हे तसेच सोडले तर दात दुखू लागतो, हलूही लागतो.

क्राउन बसवल्यावर त्या दाताला कीड लागत नाही ना?

सिरॅमिकला कीड लागत नाही. त्याच्या कडेखालच्या दाताला मात्र लागते, आणि क्राउन निकामी होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. क्राउन आणि दात यांच्यात सुमारे १२० मायक्रॉनपर्यंतची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट व्यवहारात स्वीकारार्ह मानली जाते. ती सिमेंटने भरलेली असते, पण जिवाणूचा आकार एखाद-दोन मायक्रॉनचाच असल्याने त्या रेषेवर साचलेला चिकट थर रोज काढणे भागच आहे. ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका धरावा आणि दोन दातांमध्ये फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश रोज एकदा फिरवावा. फ्लॉस एकाच जागी वारंवार फाटत असेल तर कड खडबडीत आहे किंवा सिमेंटचा कण राहिला आहे असे समजून दाखवून यावे. हिरडीखाली राहिलेले सिमेंट तिथली सूज कधीच बरी होऊ देत नाही. रूट कॅनल झालेल्या दातात कीड खोल गेली तरी दुखत नाही, म्हणून ठरावीक काळाने तपासणी आणि एक्स-रे आवश्यक असतो. औषधांमुळे तोंड कोरडे पडत असेल तर धोका वाढतो आणि फ्लोराइडची जोड द्यावी लागते. त्यात आम्लयुक्त फ्लोराइड जेल टाळावे, कारण ते सिरॅमिकची चकाकी घालवते.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर?

क्राउन बसवता येतो, पण रात्री घालण्याचा नाइट गार्ड त्यासोबतच करून घ्यावा आणि तो डबीत न ठेवता वापरावा. बर्फ फोडणे, बाटलीचे झाकण उघडणे ही कामे दातांकडून एरवीही करून घेऊ नयेत.

क्राउन किती वर्षे टिकतो?

पाच वर्षांनंतर शंभरांपैकी नव्वदहून अधिक सिरॅमिक क्राउन टिकून असतात, आणि दहा ते पंधरा वर्षांची अपेक्षा रास्त आहे. कित्येक त्याहूनही जास्त काळ चालतात. आजन्म टिकण्याची हमी कोणी देत असेल तर ती नेमकी कशाची आहे हे विचारावे. मटेरियल न तुटण्याची हमी देता येते, खालच्या दाताला कीड न लागण्याची हमी कारखाना देऊ शकत नाही.

एमआरआय करताना क्राउनची अडचण होते का?

पूर्ण सिरॅमिक क्राउनमध्ये धातू नसल्याने होत नाही.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांना सिरॅमिक क्राउन बसवतात का?

बसवता येतात, पण तयार झिरकोनिया क्राउन वाकवून दाबता येत नसल्याने दाढ जास्त तासावी लागते. मागच्या दुधाच्या दाढांना स्टीलचा क्राउन आजही सोपा आणि टिकाऊ आहे. ती दाढ काही वर्षांनी पडणारच असते.

क्राउन निघून हातात आला तर काय करावे?

तो पाण्याने धुऊन डबीत ठेवावा आणि एक-दोन दिवसांत दवाखाना गाठावा. घरातला गोंद किंवा सुपरग्लू अजिबात लावू नये. त्याने दाताला इजा होते आणि क्राउन वाकडा चिकटला तर तो कापूनच काढावा लागतो. औषधांच्या दुकानात मिळणारे तात्पुरते डेंटल सिमेंट वापरता येते, मात्र रात्री झोपण्यापूर्वी क्राउन काढून ठेवावा, म्हणजे तो झोपेत गिळला जाण्याची किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती राहत नाही. येताना क्राउन सोबत आणावा आणि त्याच्या आतल्या बाजूला काय दिसते तेही पाहून ठेवावे. आत फक्त सिमेंट असेल तर तोच क्राउन स्वच्छ करून बहुधा पुन्हा बसवता येतो. आत दाताचा तुकडा अडकलेला असेल तर दात मोडलेला असतो, आणि तो किती उरला आहे हे तपासून उपचार नव्याने ठरवावा लागतो.